पाठ, फवारा, शेपूट

बोटीचं नाक म्हणजे बारा. उजवा हात तीन, डावा हात नऊ आणि डिझेलचा धूर सोडत मागे राहणारी बाजू म्हणजे सहा. बोट धक्क्यावरून सुटायच्या आधीच ध्वनिक्षेपकावरून हे घड्याळ सगळ्यांना समजावून दिलं जातं. एकदा उघड्या समुद्रात गेल्यावर ‘तिकडे बघा’ या दोन शब्दांना काही अर्थ राहत नाही. तिकडेही पाणी असतं, इकडेही पाणीच असतं.

तरीही तासाभराने जेव्हा ‘दहा वाजता!’ अशी आरोळी आली, तेव्हा काकूंनी शालीतून हात बाहेर काढून मनगटावरचं घड्याळ पाहिलं. “दहा कुठले? आत्ता कुठे सव्वानऊ होतायत,” त्या म्हणाल्या. बोटीवरचे साठेक लोक डाव्या कठड्याकडे धावले, आणि काकू वेळ दुरुस्त करत बसल्या होत्या तेवढ्यात पहिला देवमासा श्वास घेऊन खाली गेलादेखील.

कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावच्या ‘फिशरमन्स वॉर्फ’ या जुन्या लाकडी धक्क्यावरून सकाळी आठला सुटणारी बोट. सप्टेंबरातला शनिवार. सहा जणांची मराठी टोळी सॅन होजेहून अंधारातच निघालेली. त्यातले चौघे सांगलीला इंजिनिअरिंगला एका वर्गात होते. तिघं पंचवीस वर्षांपासून इकडेच संगणकाच्या कामात मुरलेले, चौथा दापोलीचा. त्याचं हर्णैजवळ राहण्याजेवण्याची सोय असलेलं छोटं घरगुती लॉज आहे आणि तो आयुष्यात पहिल्यांदा अमेरिकेत आला होता. एकाची बायको, जी स्वतः डॉक्टर आहे. आणि दुसऱ्याची आई, वय वर्षं शहात्तर, याच त्या काकू. बरोबर डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि डिंकाचे लाडू. अमेरिकेत वन डे पिकनिकला निघालेल्या मराठी माणसांच्या गाडीत जे असतं ते सगळं.

सॅन होजेपासून माँटेरे साधारण एकशेपंधरा किलोमीटर. वाटेत गिलरॉय लागतं, तिथे लसणाची एवढी उलाढाल की गाडीच्या काचा बंद असल्या तरी वास आत येतो. पुढे कॅस्ट्रोव्हिल, आर्टिचोक नावाच्या काटेरी भाजीची स्वयंघोषित जागतिक राजधानी. मग समुद्र, धुकं आणि दूरवर मॉस लँडिंगच्या जुन्या वीजकेंद्राची दोन प्रचंड धुरांडी. “हे बंदर म्हणजे आपलं हर्णैच की रे,” माँटेरेला पोचल्यावर दापोलीकर म्हणाला, “फक्त लिलावाचा आरडाओरडा नाही.”

मराठीत एक अचूक क्रियापद आहे : बोट लागणे. गाडी लागते तशी बोट लागते. जणू तिनेच येऊन माणसाला धडक दिली. डोळे सांगतात आपण एका जागी उभे आहोत, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हेलकावे खातोय, आणि या दोघांच्या भांडणात पोट बळी जातं. डॉक्टरीणबाईंनी निघण्याआधी सगळ्यांना गोळ्या वाटल्या होत्या. वरंधा किंवा कुंभार्ली घाटात एसटीत बसलेल्या मुलांना आई जी गोळी द्यायची, तिचीच ही अमेरिकन बहीण. तिघांनी घेतली, काकूंनी आल्याची वडी तोंडात धरली, दापोलीकराने तुच्छतेने मान हलवली. टोळीतला सर्वांत तगडा, मॅरेथॉन धावणारा गृहस्थ ‘मला काही होत नाही’ म्हणाला. बोट बंदराची भिंत ओलांडून बाहेर पडली आणि वीस मिनिटांत तो मागच्या कठड्याला कवटाळून सहा वाजताच्या दिशेला बघत उभा होता. क्षितिजावर नजर ठेवायची असते, असं त्याला प्रत्येक जण येऊन सांगून गेला. त्याने प्रत्येकाकडे ज्या नजरेने पाहिलं ती क्षितिजाकडे नव्हती.

देवमासे इथेच का येतात, याचं उत्तर बोटीखाली असतं. मॉस लँडिंगच्या बंदराच्या तोंडापासूनच समुद्राचा तळ फाटत जातो आणि एक पाण्याखालची घळ सुरू होते. माँटेरेची ही घळ पुढे पृष्ठभागापासून साडेतीन हजार मीटरच्याही खाली उतरते. तिच्या भिंती काही ठिकाणी जगप्रसिद्ध ग्रँड कॅन्यनच्या उंचीला टक्कर देतात. १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली आणि या घळीच्या खोल टोकाला उभी केली, तरी वरचं मंदिर पाण्याबाहेर येणार नाही. मुंबईसमोर याच्या अगदी उलट आहे. तिथे समुद्राचा उथळ ओटा जवळपास तीनशे किलोमीटर आत गेलेला आहे. खोल पाण्यात राहणारं जनावर बघायला तिथून जहाजाचा प्रवास करावा लागेल. माँटेरेत ते न्याहारी आणि जेवणाच्या मधल्या वेळेत जमतं.

पण नुसत्या खोलीने पोट भरत नाही. वसंतापासून उन्हाळाभर इथे वायव्येचा वारा किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या सरळ रेषेत न जाता किनाऱ्यापासून बाहेर ढकललं जातं आणि त्याची जागा भरायला तळातलं थंडगार, खतासारखं सकस पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पतींचं पीक माजतं, त्यावर क्रिल, म्हणजे आपल्याकडच्या जवळ्याच्या तोंडवळ्याचा एक इवला जीव, आणि अँकोव्ही नावाचे लहान मासे. हे अँकोव्ही आपल्या मांदेलीच्या गोतातले. दापोलीकराला ही माहिती कळली तेव्हा तो पहिल्यांदा खऱ्या अर्थाने प्रभावित झाला. “म्हणजे एवढं मोठं धूड इथे मांदेली खायला येतं?” त्याने विचारलं. “आवड चांगली आहे.”

पहिला देवमासा काकूंच्या घड्याळात हरवला, दुसरा सगळ्यांना सापडला. खरं तर देवमासा नव्हे, त्याचा श्वास. तीनेक मीटर उंच, झुडपासारखा फुगलेला पांढरा फवारा, आणि मागोमाग कुकरची शिट्टी अर्ध्यातच सोडून द्यावी तसा आवाज. मग काळी, ओली, न संपणारी पाठ चाकासारखी फिरत गेली. पाठीवर छोटासा पर, त्याच्यापुढे उंचवटा. त्या उंचवट्यामुळेच या जातीला हम्पबॅक, कुबडवाला, म्हणतात. तीनदा पाठ, तीनदा फवारा. चौथ्यांदा पाठीची कमान जास्त उंच झाली, आणि पाण्यातून शेपूट सरळ वर आलं, पाणी निथळत क्षणभर उभं राहिलं आणि आवाज न करता आत गेलं. जिथे गेलं तिथे पाण्यावर तेल सांडल्यासारखं गुळगुळीत वर्तुळ उरलं. इंग्रजीत त्याला पाऊलखूण म्हणतात. पाय नसलेल्या प्राण्याची.

नंतरची आठ मिनिटं काहीही नाही.

देवमासा बघायला जाण्याविषयी कुणी सांगत नाही ती गोष्ट ही : तो अख्खा कधी दिसतच नाही. जाहिरातीतल्या चित्रात तो संपूर्ण पाण्याबाहेर उडी मारत असतो, आणि क्वचित तसं घडतंही. पण चार तासांच्या फेरीत माणसाच्या वाट्याला येतात ते तुकडे. पाठ, फवारा, शेपूट, पुन्हा पाठ. चौदा मीटरचं, तीस टनांचं जनावर प्रत्येकाने आपापल्या डोक्यात जुळवून घ्यायचं. आणि मधल्या वेळेत पाण्याकडे बघत राहायचं. फोनवर सेकंदाला तीन गोष्टी बघणाऱ्या माणसांना हे जड जातं. अर्ध्या तासात बोटीवरची निम्मी मुलं आत कॅबिनमध्ये चिप्स खात होती. बाहेर राहिले ते पक्षी बघणारे, कॅमेऱ्यांच्या लांब नळकांड्या सांभाळणारे, आणि काकू. “वारीत पण असंच असतं,” त्या म्हणाल्या. “सगळा वेळ चालण्यात जातो.”

नंतर तासाभराने मात्र समुद्राने हात सैल सोडला. आधी पक्षी गोळा झाले, मग समुद्रसिंहांची एक टोळी पाण्यात कोलांट्या मारत त्याच दिशेला धावली. बोटीवरच्या निसर्गतज्ज्ञ तरुणीने ओळखलं : खाली अँकोव्हीचा थवा आहे. कप्तानाने इंजिन शांत केलं. पाण्याचा एक तुकडा अचानक उकळल्यासारखा चमकायला लागला, मासे हवेत उडू लागले, आणि त्यांच्या मधोमध दोन प्रचंड उघडे जबडे वर आले. आतला गुलाबी टाळू, वरच्या जबड्याला लटकणाऱ्या झालरी. या झालरी म्हणजे दात नव्हेत. आपली नखं ज्या द्रव्याची बनतात त्याचीच ती चाळणी. हनुवटीपासून बेंबीपर्यंत घडीच्या पट्ट्या असलेला गळा फुग्यासारखा ताणायचा, पाण्यासकट मासे आत घ्यायचे, पाणी झालरीतून बाहेर ढकलायचं, मासे गिळायचे. वाऱ्याची दिशा बदलली आणि श्वासाचा वास बोटीवर आला. कुजकी कोबी आणि सुकटीची चाळ, दोन्ही एकत्र. मागच्या कठड्यावरच्या मॅरेथॉनवीराची उरलीसुरली आशा तिथे संपली.

त्या दिवशी हम्पबॅक दिसले पाच. निळा देवमासा नाही दिसला. उन्हाळा ते शरद तो या उपसागरात येतो खरा, पण त्याच्या भेटीची हमी कुणी देत नाही. तरीही बोटीवर सर्वांत जास्त बोलणं त्याच्याविषयीच झालं, कारण त्याच्याबद्दलच्या कितीतरी गोष्टी याच पाण्यात पहिल्यांदा कळल्या. २०१८मध्ये स्टॅनफर्डच्या जेरेमी गोल्डबोगन यांच्या गटाने माँटेरेच्या उपसागरात एका निळ्या देवमाशाच्या अंगावर लांब काठीने एक यंत्र चिकटवलं. रबरी चूषकांनी ते त्वचेला धरून राहिलं आणि साडेआठ तास हृदयाचे ठोके नोंदवत गेलं. जगात कुणी जिवंत निळ्या देवमाशाचा इसीजी काढण्याची ही पहिलीच वेळ. खोल बुडीत त्याचं हृदय मिनिटाला चार ते आठ ठोके देत होतं, कधी तर फक्त दोन. वर येऊन दम घेताना तेच पंचवीस ते सदतीसवर जाई. डॉक्टरीणबाईंनी हे ऐकून नकळत स्वतःचं मनगट धरलं. मिनिटाला दोन ठोके असलेला पेशंट त्यांच्याकडे आला असता तर पुढचं वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट खाण्याची. निळा देवमासा दिवसाला चारेक टन क्रिल खातो, असं पुस्तकं सांगत आली. २०२१मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या मॅथ्यू सॅव्होका आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने अंगावरची यंत्रं, ड्रोनची छायाचित्रं आणि पाण्यातल्या थव्यांची ध्वनिमापनं एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा ईशान्य पॅसिफिकमधल्या निळ्या देवमाशाचा खुराक भरात दिवसाला सोळा टनांवर निघाला. एक भरलेला ट्रक. रोज. जुना आकडा कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत बसून राहिला होता, कारण पाण्याखालचं जेवण मोजायला कुणी गेलंच नव्हतं.

बोट परतली ती बाराच्या सुमाराला. जेवणानंतर टोळी गावात फिरायला निघाली आणि एका जुन्या घरासमोर दापोलीकर एकदम थांबला. पदपथ बघून. दगडांच्या जागी षट्कोनासारखे, पिवळट, चाळणीसारख्या छिद्रांचे तुकडे बसवलेले. ते देवमाशांचे मणके होते.

हे घर म्हणजे माँटेरेचं ‘ओल्ड व्हेलिंग स्टेशन’. १८४७च्या सुमाराला बांधलेलं, आणि १८५०च्या दशकात देवमासे मारणाऱ्या कंपनीने घेतलेलं. त्यातले बरेच खलाशी अझोर बेटांवरचे पोर्तुगीज. टेकडीवर एकाने टेहळणी करायची, फवारा दिसला की इशारा द्यायचा, वल्हवायच्या होड्या सुटायच्या, आणि मारलेलं धूड किनाऱ्यावर ओढून त्याची चरबी मोठमोठ्या कढयांत कढवायची. दिव्याचं तेल, यंत्रांचं वंगण. म्हणजे ‘दहा वाजता!’सारखी आरोळी दीडशे वर्षांपूर्वीही याच उपसागरात उठत होती. तिच्या पुढचं वाक्य तेवढं वेगळं होतं. शेजारच्या मॉस लँडिंगला तर १९१९मध्ये वाफेवर चालणाऱ्या बोटींचं आणि तोफेने भाला मारण्याचं आधुनिक केंद्र उघडलं, ते काही वर्षं चाललं. अमेरिकेतला हा धंदा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तग धरून होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं शेवटचं केंद्र बंद झालं १९७१मध्ये. टोळीतले तिघं ज्या दशकात जन्मले त्याच दशकात.

गावाच्या दुसऱ्या धंद्याचीही हीच गत. किनाऱ्यालगतच्या कॅनरी रो या रस्त्यावर सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीच्या भाऊबंदांना डबाबंद करणारे कारखाने ओळीने उभे होते. जॉन स्टाइनबेकने १९४५मध्ये त्याच नावाची कादंबरी लिहिली आणि काही वर्षांतच मासाच संपला. आज त्यातल्याच एका कारखान्याच्या जागेवर १९८४पासून जगप्रसिद्ध मत्स्यालय आहे. १९९२मध्ये सारा उपसागर आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा किनारा मिळून सागरी अभयारण्य झालं, जे आज पंधरा हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे. मासा विकून संपल्यावर या गावाने मासा दाखवायला सुरुवात केली, असं कुत्सितपणे म्हणता येईल. पण दाखवण्याचा धंदा चालायचा तर मासा जिवंत राहावा लागतो, आणि हे गणित धक्क्यावरच्या प्रत्येक तिकीटविक्याला कळतं.

दाखवण्याचा हा धंदा कॅलिफोर्नियातच जन्मला. सॅन दिएगोच्या काब्रियो स्मारकाच्या टेकडीवर १९५०मध्ये पहिल्यांदा लोकांसाठी देवमासे बघण्याची जागा करण्यात आली. पहिल्या वर्षी दहा हजार लोक येऊन गेले. समोरून जाणारे करडे देवमासे मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या कोमट खाजणांत पिलं घालायला चाललेले असतात आणि वसंतात पुन्हा आर्क्टिककडे परततात. जाऊनयेऊन सोळा ते वीस हजार किलोमीटरची ही येरझार. १९५५मध्ये एका मासेमाराने माणशी एक डॉलर घेऊन लोकांना बोटीतून जवळ न्यायला सुरुवात केली. बाकी सगळं त्या एका डॉलरचं व्याज.

पण लोकांचं मन बदललं ते बघण्यापेक्षा ऐकण्याने. बर्म्युडाजवळ अमेरिकी नौदलासाठी काम करणाऱ्या अभियंत्याने पाण्याखाली टिपलेले हम्पबॅकचे आवाज रॉजर पेन या शास्त्रज्ञाच्या हाती आले. ते आवाज स्वैर नाहीत, त्यांत ओळी आहेत, पुनरावृत्ती आहे, तासन् तास चालणारी रचना आहे, हे पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी दाखवून दिलं. १९७०मध्ये त्याची तबकडी निघाली आणि ती तुफान खपली. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तिच्यात माणसांच्या पंचावन्न भाषांतल्या नमस्कारांबरोबर हम्पबॅकही गातो. त्या पंचावन्नांत मराठी आहे. आणि त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरी गावच्या सुरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ला सुटलं, केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. ताऱ्यांच्या मधल्या अवकाशातून या क्षणी एक मराठी नमस्कार, एक भैरवी आणि एक देवमासा एकाच तबकडीत बसून चालले आहेत. माँटेरेच्या धक्क्यावर आईस्क्रीम खाताना काकूंना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी देवमाशाविषयी काही विचारलं नाही. “केसरबाई? वर आहेत?” एवढंच म्हणून त्या थोडा वेळ गप्प बसल्या.

उपसागर आजही ऐकला जातो. मॉस लँडिंगच्या समुद्र-संशोधन संस्थेने ८९१ मीटर खोलीवर ठेवलेला पाण्याखालचा मायक्रोफोन २०१५पासून जवळपास अखंड चालू आहे. किनाऱ्यापर्यंत त्याची बावन्न किलोमीटरची तार आहे. निळे देवमासे मुक्कामाला असतात तेव्हा रात्री गातात, आणि दक्षिणेला निघायची वेळ झाली की दिवसाही गायला लागतात, हे त्या नोंदींवरून कळलं. त्याला देवमाशांच्या अंगावर लावलेल्या यंत्रांची जोड होती.

आता शेपटाकडे वळायला हवं, कारण सगळ्या गोष्टीची मेख तिथे आहे. हम्पबॅकच्या शेपटाची खालची बाजू म्हणजे त्याच्या बोटाचा ठसा. कुणाची काळी, कुणाची पांढरी, कुणाची शाई शिंपडल्यासारखी. त्यावर ऑर्का या शिकारी जातीच्या दातांचे ओरखडे, अंगाला चिकटणाऱ्या कवचधारी जीवांनी केलेले गोल वण, कडांच्या खाचा. १९७०च्या दशकापासून संशोधक या छायाचित्रांच्या वह्या ठेवत आले. २०१५मध्ये ‘हॅपीव्हेल’ नावाचं संकेतस्थळ सुरू झालं आणि या वह्या सगळ्यांसाठी उघडल्या. बोटीवरच्या कुठल्याही हौशी माणसाने शेपटाचा फोटो पाठवावा. संगणक तो जुन्या लाखो फोटोंशी ताडून सांगतो, हा कोण. हौशी म्हणून याला हसू नये. दोन लाखांहून अधिक अशा फोटोंवरून २०२४मध्ये एक हिशेब प्रसिद्ध झाला. शिकार थांबल्यानंतर उत्तर पॅसिफिकमधले हम्पबॅक वाढत वाढत २०१२मध्ये तेहतीस हजारांच्या पुढे गेले होते. २०२१पर्यंत ते सव्वीस हजार सहाशेंच्या आसपास उतरले. मधल्या काळात, २०१४ ते २०१६, या समुद्रात उष्णतेची एक अजस्र लाट ठाण मांडून बसली होती. खाद्य आटलं, आणि सुमारे सात हजार देवमासे हिशेबातून गेले. प्रेतं फारशी कुणाला दिसली नाहीत. ते पुन्हा फोटोत आले नाहीत, एवढंच.

त्याच लाटेच्या काळात इथले हम्पबॅक खाण्याच्या शोधात किनाऱ्याला चिकटले आणि खेकड्यांच्या पिंजऱ्यांच्या दोऱ्यांत अडकण्याचे प्रकार एकदम वाढले. राज्याने मग खेकड्यांचा हंगाम देवमाशांच्या हजेरीवर पुढेमागे करायला सुरुवात केली. मासेमार चिडतात. त्यांचंही पोट त्याच पाण्यावर आहे, आणि त्यांच्या चिडण्याला बोटीवरच्या पर्यटकांनी नाक मुरडावं हे बरोबर नाही. करड्या देवमाशांची स्थिती आणखी नाजूक : २०१६च्या सुमाराला ते सत्तावीस हजारांपर्यंत होते, नंतर काही वर्षांतच जवळपास निम्मे उरले.

दापोलीकर हे सगळं ऐकून घेत होता. परतीच्या वाटेवर कॅस्ट्रोव्हिलला तळलेल्या आर्टिचोकची, म्हणजे मराठी मनाने ठरवलेल्या ‘काटेरी भज्यांची’ कागदी पुडी मांडीवर घेऊन तो बोलायला लागला.

त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. मराठी वर्तमानपत्रांत देवमासा दोनच वेळा येतो : मेलेला किनाऱ्यावर लागतो तेव्हा, आणि त्याची ‘उलटी’ विकताना कुणी पकडला जातो तेव्हा. ती उलटी नसतेच. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा तो मेणासारखा गोळा. अत्तराच्या धंद्यात त्याला किंमत आहे आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याचा व्यापार भारतात गुन्हा आहे. (अमेरिकेने सागरी सस्तन प्राण्यांना संरक्षण देणारा कायदा केला तोही १९७२मध्येच.) जून २०१५मध्ये रेवदंड्याला बेचाळीस फुटी निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला, गावकऱ्यांनी प्रयत्न केले, तो वाचला नाही. २०२३च्या दिवाळीत गणपतीपुळ्याला एक पिल्लू वाळूत रुतलं. सुट्टीला आलेले पर्यटक, गावकरी, वनखातं, सगळ्यांनी पाण्याचा मारा चालू ठेवून दोन दिवस खटपट केली आणि त्याला ओढून समुद्रात नेलं. ते पुन्हा किनाऱ्याला आलं, मेलेलं.

पण जिवंतही आहेत. २०१५च्याच उन्हाळ्यात सिंधुदुर्गासमोर संशोधकांच्या बोटीला निळे देवमासे दिसले होते. अरबी समुद्रातले हम्पबॅक तर जगावेगळे. बाकी सगळीकडचे हम्पबॅक ध्रुवांकडे जातात-येतात; हे वर्षभर इथेच राहतात, कारण पावसाळी वाऱ्यांनी ओमानच्या किनाऱ्यावर माँटेरेसारखंच थंड, सकस पाणी वर येतं आणि घरबसल्या जेवण मिळतं. १९६६मध्ये सोव्हिएत ताफ्याने यांतले दोनशेहून अधिक बेकायदा मारले आणि ही गोष्ट तीन दशकं कागदात दडून राहिली. ओमानजवळच्या अंदाजानुसार उरलेत शंभराच्या आत. त्यांतल्या एका मादीला २०१७मध्ये उपग्रहाशी बोलणारं यंत्र लावलं होतं. तिचं नाव ल्युबान. अरबीत या शब्दाचा अर्थ लोबान. ती सरळ अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली आणि परत ओमानला आली.

“आमच्या इथे गादा दाखवायला नेतात,” दापोलीकर म्हणाला. गादा म्हणजे कोकणातल्या मासेमारांचा डॉल्फिन. “दिसला की चार बोटी चार बाजूंनी घुसतात. पोरं शिट्ट्या मारतात. तो बिचारा पळतो, मग त्याच्या मागे पळतात. इथे कप्तानाने इंजिन बंद केलं ना, ते मला सगळ्यात आवडलं.” इथला संकेत शंभर यार्डांचा आहे, म्हणजे नव्वदेक मीटरच्या आत बोटीने आपणहून जायचं नाही, वाट अडवायची नाही. देवमासा स्वतः जवळ आला तर इंजिन मोकळं सोडून नुसतं थांबायचं. सगळे पाळतात असं नाही. पण न पाळणाऱ्याकडे इतर बोटी वाईट नजरेने बघतात, आणि हे कायद्यापेक्षा जास्त चालतं.

मॅरेथॉनवीराने दिवसभरात एकच काम धड केलं होतं. मागच्या कठड्याला टेकून, अर्धमेल्या अवस्थेत, त्याने फोनवर एका शेपटाचा फोटो काढला होता. मधे पांढरं, कडेला काळं, डाव्या पात्याला एक खोल खाच. बाकी सगळ्यांचे महागडे कॅमेरे त्या वेळी उलट्या दिशेला, बारा वाजता, रोखलेले होते. रात्री त्याने तो हॅपीव्हेलवर चढवला.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. हा देवमासा आधीपासून वहीत होता. एका हिवाळ्यात मेक्सिकोच्या किनाऱ्यावर कुणा अनोळखी माणसानेही त्याचा फोटो काढला होता. नकाशावर दोन ठिपके, मधे एक रेघ. मित्रांच्या ग्रुपवर त्या नकाशावर दिवसभर अभिनंदनाच्या टाळ्या पडत राहिल्या.

संध्याकाळी दापोलीहून एक फोटो आला. हर्णैच्या एका नाखव्याने दोन वर्षांपूर्वी खोल समुद्रात काढलेला, तिघांच्या फोनमधून फिरत आलेला, पुसट. लाटांच्या मधे लांब काळी पाठ, तिच्यावर मागे वळलेला बारीक पर.

“हा कोण, सांगतोस का तुझ्या वहीत बघून?” त्याने खाली विचारलं होतं.

मॅरेथॉनवीराने फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला. फोटोत शेपूट नव्हतं.